वेगळा दगड कशाला?

नितीन सुट्टीवर आलाय. बोटीवर थर्ड इंजिनियर आहे. या खेपेला जहाज लिव्हरपूलला लागलं तेव्हा तो शहरात भटकला आणि फॉकनर स्क्वेअरच्या बागेत त्याला एक दगड दिसला, दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर काम केलेल्या काळ्या खलाशांच्या स्मरणार्थ उभारलेला. रत्नागिरीत मांडवीच्या कट्ट्यावर त्याने मोबाइलवर फोटो दाखवला आणि सुहासने तिथेच अडवलं.

"एकाच बोटीत होते, एकाच टॉर्पेडोने बुडाले. मग काळ्यांचा दगड वेगळा कशाला? अशाने माणसं आणखी लांब जातात."

त्याने मनापासून विचारलं होतं, म्हणून कुणी हसण्यावारी नेलं नाही.

नितीन म्हणाला, "एकाच बोटीत होते, पण एका जागी नव्हते. पश्चिम आफ्रिकेतले कितीतरी जण बॉयलरपाशी कोळसा ओढायला होते. ती जागा पाण्याच्या पातळीखाली असते. टॉर्पेडो तिथेच बसला की शिडी चढायलाही वेळ मिळत नाही. मी रोज इंजिनरूममध्ये उतरतो, मला विचार. शिवाय पगारही गोऱ्यापेक्षा कमी. एल्डर डेम्पस्टरसारख्या जहाज कंपन्या आफ्रिकी खलाशी घ्यायच्याच त्या हिशेबाने."

मी 1919 काढलं. पहिलं महायुद्ध संपलं, गोरे खलाशी बेकार झाले आणि राग काळ्यांवर निघाला. त्या जूनमध्ये लिव्हरपूलच्या जमावाने चार्ल्स वूटन नावाच्या काळ्या खलाशाचा क्वीन्स डॉकपर्यंत पाठलाग केला. तो पाण्यात गेला, वरून दगड पडत राहिले, तो बुडाला. कुणालाही शिक्षा झाली नाही. मग 1925 चा सरकारी हुकूम आला. ज्या काळ्या किंवा आशियाई खलाशाकडे ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद नाही, त्याने परदेशी म्हणून पोलिसांत नाव नोंदवायचं. साम्राज्यात जन्मलेली माणसं एका कागदावाचून परकी ठरली. चौदा वर्षांनी युद्ध लागलं तेव्हा त्यांच्यातलेच लोक अटलांटिकमधल्या जहाजांच्या काफिल्यांत गेले.

सुहास थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अन्याय झाला, मान्य. पण उपाय म्हणजे सगळ्यांची नावं एकाच भिंतीवर."

"ती भिंत आहे की," इक्बाल म्हणाला. तो राजिवड्याचा, घरात दोन पिढ्या सारंग आणि टंडेल, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचे मुकादम. "लंडनला टॉवर हिलवर दुसऱ्या महायुद्धातली जवळजवळ 24,000 नावं आहेत, ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही त्या खलाशांची. आपले भारतीय खलाशी त्यात नाहीत. त्यांची आठवण मुंबईत नि चितगावला. गेले सहा हजारांवर. म्हणजे वेगळं ती भिंत बांधणाऱ्यांनीच काढलं, फॉकनर स्क्वेअरवाल्यांनी नाही."

यावर सुहासकडे लगेच उत्तर नव्हतं. मला मात्र एक सांगायचंच होतं. तो दगड लिव्हरपूल 8 या वस्तीत आहे, जिथे या खलाशांनी संसार मांडले, मुलं वाढवली. 1981 मध्ये पोलिसी जाचाविरुद्ध तिथे दंगल पेटली, आणि इथल्याच पोरांना 'तुमच्या देशात परत जा' म्हणणारे कमी नव्हते. त्यांच्या आजोबांनी या देशासाठी काय केलं ते त्यांच्याच गल्लीत लिहिलेलं असणं मला फार मोलाचं वाटतं. लंडनची भिंत ते काम करू शकत नाही.

इक्बालचा आवाज चढला. "आणि आपण? मस्जिद बंदरच्या खलाशी गृहात आपल्या माणसांचं स्मारक आहे. या कट्ट्यावरचं कोण गेलंय? युद्ध लागताच 1939 मध्ये भारतीय खलाशांनी पगारासाठी संप केला, कितीजण तुरुंगात गेले, वाढ मिळवली, मग त्याच बोटींवर परत चढले. रत्नागिरीत हे कुठल्या पाटीवर आहे?"

"इथे करायचं तर जातधर्म न बघता, नाव, गाव आणि बोट," सुहास म्हणाला. "नुसता दगड मला नको."

"मग आधी नावं काढावी लागतील," इक्बाल म्हणाला.

नितीनला पुढच्या आठवड्यात कागदपत्रांसाठी मुंबईला जायचंच आहे. इक्बाल बरोबर जातोय, मस्जिद बंदरला. सुहासही निघालाय. वेगळ्या दगडाबद्दल त्याचं मत आहे तिथेच आहे, गाडीत पुन्हा भांडू म्हणाला.