लायसन्स दाखवा म्हटल्यावर काय काढायचं?

वैभ्या आला तोच धुसफुसत. परजिल्ह्यात त्याला नाक्यावर अडवलं, त्याने मोबाइलवर डिजीलॉकर, म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप, उघडून लायसन्स समोर धरलं, तर साहेब म्हणाले, "मोबाइल ठेव खिशात, कार्ड काढ." कार्ड साताऱ्यात, घरी. शेवटी पावती फाटलीच.

"मग त्यांचं काय चुकलं?" बापूंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. उभी हयात ट्रकवर गेलेला माणूस. "लायसन्स हातात देता आलं पाहिजे. बॅटरी संपली की काय दाखवशील? नवजाच्या पुढं रेंज गेली की?"

साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरच्या आमच्या कट्ट्यावर बापूंचं सहसा कुणी खोडून काढत नाही. पण या बाबतीत मला गप्प बसवेना. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट 2018 मध्येच राज्यांना कळवलं होतं, की डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मूळ कागदासारखंच धरा. त्याच वर्षी मोटार वाहन नियमांतला 139 वा नियम बदलला. कागदपत्रं छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कशीही दाखवा, असं त्यात लिहिलंय. म्हणजे वैभ्याने सवलत मागितलीच नव्हती, त्याने नियमाप्रमाणे लायसन्स दाखवलं होतं.

"बरं," बापू म्हणाले, "दारू पिऊन चालवणाऱ्याचं लायसन्स जप्त करायचं असलं तर? मोबाइल जप्त करणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि त्याचं उत्तरही नियमात आहे. 1 ऑक्टोबर 2020 पासून सरकारी पोर्टलवर लायसन्स तपासून झालं असेल तर पोलिसांनी कार्ड मागायचं नाही, जप्तीचा गुन्हा असला तरीही. जप्ती, निलंबन, सगळी नोंद पोर्टलवरच करायची. मला तर हे जास्त पक्कं वाटतं. ज्याचं कार्ड जप्त झालं तो माणूस पूर्वी 'हरवलं' म्हणून दुसरं कार्ड काढू शकायचा, पोर्टलवरची नोंद अशी हरवत नाही.

एवढ्यात अस्लमने आपला मोबाइल पुढे केला. "माझ्याकडं पण आहे की डिजिटल." बघितलं तर गॅलरीतला फोटो! कार्ड टेबलावर ठेवून काढलेला, कोपऱ्यावर ट्यूबलाइटची चमक, नंबरातले शेवटचे दोन आकडे त्यातच बुडालेले. कितीतरी लोक याच समजुतीत फिरतात. फोटो किंवा स्कॅन चालत नाही. डिजीलॉकरमध्ये आपणच चढवलेली फाइलही चालत नाही. 'इश्यूड डॉक्युमेंट्स'मध्ये जे येतं तेच खरं, कारण ते थेट परिवहन खात्याच्या सारथी प्रणालीतून, म्हणजे लायसन्सच्या संगणकीय नोंदींतून, आलेलं असतं. रेल्वेनेसुद्धा 2018 मध्ये ओळखपत्र म्हणून आधार आणि लायसन्सला मान्यता दिली, ती याच भागातल्या कागदांना.

"आणि मोबाइल पोलिसांच्या हातात द्यायचा का?" वैभ्याने विचारलं. माझं मत स्पष्ट आहे: द्यायचा नाही. त्यात बँक असते, घरचे फोटो असतात. आपल्या हातात धरून दाखवावा, नंबर वाचून दाखवावा. लायसन्स नंबर घातला की नोंद तपासता येते. मग रेंज माझ्या मोबाइलला नाही म्हणून दंड मला का? कायद्यातही लायसन्स जवळ नसणं आणि लायसन्सच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विनालायसन्स गाडी चालवली तर दंड 5000 रुपये आहे. ज्याची नोंद सरकारदरबारी धडधडीत आहे त्याला त्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे, आणि तो रोज कुणावर तरी होतो.

बापू ऐकत होते, पण हटले नाहीत. "नोंद असली तर ना? अस्लम, तुझा नंबर घाल बघू."

घातला. 'रेकॉर्ड सापडलं नाही.' कार्ड 2008 चं, वीस वर्षांच्या मुदतीचं, म्हणजे अजून चालू. पण नंबर जुन्या पद्धतीचा, सारथीत चढलेलाच नाही. इथे मात्र बापूंचं म्हणणं मला मान्य करावं लागलं. ज्यांची जुनी नोंद संगणकावर गेलेली नाही, त्यांच्यासाठी कार्ड हाच एकमेव पुरावा आहे, आणि ही नोंद चढवण्यासाठी माणसालाच हेलपाटे घालायला लागावेत हे काही बरं नाही. काहींची नोंद असते, पण आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही, म्हणून ते डिजीलॉकरमध्ये उतरत नाही. हे घरी बसून आधी बघून घ्यायचं असतं, नाक्यावर शिट्टी वाजल्यावर नाही.

अस्लम सोमवारी आरटीओत जाणार आहे, बॅकलॉग एंट्री करून घ्यायला, म्हणजे जुनी नोंद सारथीत चढवायला. मूळ कार्ड, आधार आणि जन्मतारखेचा दाखला सोबत घे म्हणून सांगितलंय. बापूही बरोबर जाणार आहेत, त्यांच्या आरसीवरचा पत्ता अजून जुनाच आहे.