मालदीवने आपला कांदा बंद केलेला नाही

वैजापूर, लासूर स्टेशन भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मालदीवच्या नव्या सरकारने भारताशी संबंध तोडले, आपला कांदा बंद केला. भाव कोसळायच्या आत कांदाचाळी रिकाम्या करा.' हे खरं नाही.

नोव्हेंबर 2023 मध्ये मोहम्मद मुइझ्झू तिथले राष्ट्राध्यक्ष झाले, तेही 'इंडिया आउट'चा प्रचार करून. भारतीय सैनिक परत घ्या, असा त्यांचा आग्रह होता आणि मे 2024 पर्यंत सैनिक परतलेही. पण आपली हेलिकॉप्टरं आणि डॉर्नियर विमान तिथंच राहिलं, ते चालवायला भारतानेच बिगरलष्करी तंत्रज्ञ पाठवले. ताण होता, पण संबंध तुटले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुइझ्झू दिल्लीला आले आणि 40 कोटी डॉलरचा चलन अदलाबदलीचा करार झाला.

कांद्याचं तर उलटंच घडलं. एप्रिल 2024 मध्ये आपल्याकडे निर्यातबंदी लागू होती. तरीही 1981 च्या व्यापार करारानुसार मालदीवला 2024-25 साठी 35,749 टन कांद्याचा कोटा मंजूर झाला. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेत हा आकडा आहे, कुणीही पाहू शकतो. त्या हंगामात आपल्याला बसलेला फटका दिल्लीच्या निर्यातबंदीचा होता, मालदीवची राजधानी मालेचा नव्हे. हे स्पष्ट बोललंच पाहिजे.

घाबरून मातीमोल भावात कांदा देऊ नका, बाजार समितीतला त्या दिवसाचा दर विचारा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.