तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठे?

शिमला ऑफिस चौकाजवळच्या टपरीवर आमचा कट्टा भरतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून या चौकाचं हे नाव. पावसाळ्यात इथे दुसरा विषय निघतच नाही.

परवा शिरूरहून संत्या आला तोच तापलेला. "मोबाइलवर दिवसभर सूर्याचं चित्र! कांदा उघड्यावर ठेवला आणि चारला सर आली. सगळा भिजला. याला शास्त्र म्हणायचं? आमचा आजा नक्षत्राचं वाहन बघून पाऊस सांगायचा, तो काय वाईट होता?"

"वाहन बेडूक निघालं की सगळ्या महाराष्ट्रात एकच बेडूक," मन्या म्हणाला. तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो. "तुझ्या वावरावर आलेला ढग केवढा असेल? पाच-सात किलोमीटर. जगतो तासभर. आणि कॉम्प्युटरवरचं मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून हिशेब करतं. आपल्याकडचा चौकोन परवापरवापर्यंत १२ किलोमीटरचा होता. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं नवं मॉडेल, भारत फोरकास्ट सिस्टीम, २०२५ ला आलं, तेव्हा तो ६ वर आला. चौकोनाएवढाच किंवा त्याहून लहान ढग त्यात दिसणार कसा?"

"मग चित्र दाखवता कशाला?" संत्याचा हा प्रश्न रास्तच होता. खात्याच्या बातमीपत्रात 'तुरळक ठिकाणी' असं लिहितात, म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. मोबाइलच्या चित्रात यातलं काहीच उरत नाही, आणि शेतकरी बघतो ते चित्रच.

टपरीवाले मामा गाळणी धरूनच म्हणाले, "चहाला उकळी येणार हे मला कळतं. पहिला बुडबुडा कुठे फुटेल ते नाही सांगता येत."

वसंतकाकांनी मग मुंबईचा २६ जुलै २००५ काढला. त्या दिवशी ते कुलाब्याच्या बाजूला ऑफिसात होते, तिथे नेहमीसारखा पाऊस. घरी फोन लागेना. घर कलिन्याला. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७५ सुद्धा नाही! शहर एकच, मधलं अंतर पंचवीस-तीस किलोमीटरचं. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर त्या हिशेबानं ४७ हजार लिटर पाणी पडलं. हा आकडा ऐकून सगळेच गप्प झाले.

"पण वादळाचं बघ," मन्या पुन्हा सरसावला. "शेकडो किलोमीटरचं, समुद्रावर चार-पाच दिवस फिरणारं. ते उपग्रहाला दिसतं, त्याचा मार्ग काढता येतो. १९९९ ला ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवलं, मृत्यू शंभराच्या आत राहिले. शास्त्र तेच आहे, संत्या. जेवढं मोठं आणि जास्त टिकणारं, तेवढं आधी कळतं."

हे मला पटतं. अंदाज खोटा की खरा यावर भांडण्यापेक्षा, तो किती मोठ्या भागासाठी आणि किती तासांसाठी दिलाय हे आधी विचारायला हवं. तासाभरात कोसळणाऱ्या ढगासाठी ढगातला पाऊस आणि वारा टिपणारं डॉप्लर रडार लागतं, आणि त्याचा इशारा फार तर दोन-तीन तास आधीचा. कांदा झाकायला तेवढा पुरतो.

संत्या मात्र हटला नाही. "आमच्या महसूल मंडळात पाऊस मोजायचं यंत्र एकच. दहा-पंधरा गावं. तिकडे पडला की कागदावर आमच्याकडेही पडला. फळपीकविम्याला तोच आकडा धरतात. त्याचं काय?"

यावर मन्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते इथे संत्याचंच खरं आहे. मॉडेलचा चौकोन लहान झाला, पण गावागावात मोजणारं कुणी नसेल तर तो अंदाज बरोबर आला की नाही हे ताडून बघायचं कशाशी? काका म्हणाले, "निदान तुझ्या वावरात तरी पर्जन्यमापक लाव. झाडापासून, भिंतीपासून लांब. रोज सकाळी साडेआठला वाच आणि वहीत लिही. पेरणीआधी ७५ ते १०० मिमी पाऊस होऊ द्यावा म्हणतात, तेवढं तरी तुझं तुला कळेल."

"केवढ्याला येतो?" संत्यानं विचारलं, आणि मन्या मोबाइलवर शोधायला लागला.