निळा चौकोन गेला कुठे?

काल रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला आधी वाटलं हिची तब्येतच बिघडली. "अगं, तो निळा चौकोन गेला. मी काही दाबलं नाही गं. खरंच नाही दाबलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यावर नाही. 71 वर्षांची बाई, चाळीस वर्षं शिवणकाम केलेली, कापड हातात घेतलं की धुतल्यावर किती आटेल ते सांगणारी. ती माझ्याशी अशी बोलत होती, जशी काही तिच्या हातून चोरी झाली आहे. कशासाठी? एका टॅबलेटने रात्रीत स्वतःहून अपडेट घेतलं, म्हणून!

निळा चौकोन म्हणजे व्हिडिओ कॉलच्या ॲपचं चित्र. टॅबलेट आणला तेव्हा आम्ही दोघींनी एक वही केली होती. मी सांगायचं, तिने तिच्या शब्दांत लिहायचं. "उजवीकडे खाली निळा चौकोन. एकदाच बोट लावायचं. धरून ठेवायचं नाही." सोबत चित्रसुद्धा काढलेलं. तीन आठवडे तिने त्या वहीवर मेहनत घेतली आणि एके दिवशी कुणाला न विचारता तिने मला कॉल लावला. तिचा अर्धा चेहरा आणि वरचा पंखा दिसत होता. इतकी खूश होती ती! आणि आता अपडेटनंतर चौकोन निळा राहिला नाही, रंगीबेरंगी झाला, खालचं नाव बदललं, आणि चित्र होतं त्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. वहीतलं पान खोटं पडलं. तीन आठवडे पाण्यात.

सुधारणा करायला कुणाची ना नाही. सुरक्षेचं अपडेट हवंच, ते मी स्वतः चालू ठेवलं आहे. पण सुरक्षेसाठी चित्राचा रंग कशाला बदलावा लागतो? आपल्यासारख्यांना दोन मिनिटं चुकल्यासारखं होतं, मग सापडतं. नवशिक्या माणसाकडे तर रंग, आकार आणि जागा एवढाच आधार असतो. तोच काढून घेतला की तो पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. आणि वर समजतो की आपणच काहीतरी मोडलं.

सेटअपच्या दिवसापासूनच हे असं चाललं आहे. खोक्यात नीट पुस्तिका नाही, फक्त एक घडीचा कागद, त्यावर राखाडी रंगात मुंगीएवढी अक्षरं. टॅबलेट सुरू केला, भाषा मराठी निवडली, आणि चौथ्या पानावर अटी आल्या त्या इंग्रजीत. आत्या म्हणाली, "न वाचता 'मान्य' कसं म्हणू?" तिचं काय चुकलं? आयुष्यभर न वाचता सही न केलेली बाई ती, आणि मी तिला सांगत होते की दाब, पुढे जाऊ. मला स्वतःची लाज वाटली.

मग खातं उघडणं. पासवर्डमध्ये मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने 2017 मध्येच लिहून ठेवलंय की असल्या सक्तीने फायदा होत नाही, लांब आणि लक्षात राहणारा पासवर्ड बरा. इतकी वर्षं झाली तरी तीच सक्ती! मग फोनवर कोड आला. फोन आतल्या खोलीत. ती उठून, गुडघा सांभाळत जाऊन घेऊन आली, चष्मा बदलला, एकेक आकडा टाकला, तोवर कोडची मुदत संपली. तिसऱ्या वेळी मी वाचून दाखवले आणि तिने टाकले, तेव्हा कुठे जमलं. एकट्या राहणाऱ्या माणसाने हे कुणाच्या मदतीने करायचं?

आणि ते बोटाचे ठसे. "बोट पुन्हा ठेवा." "बोट हललं." "पुन्हा ठेवा." सुईने आणि कात्रीने झिजलेली, घट्टे पडलेली बोटं आहेत ती. वयाने कातडी कोरडी होते, ठशाच्या रेषा पुसट होतात. टॅबलेटच्या पडद्याला तर बोटातून विजेचा सूक्ष्म भार कळावा लागतो, तो कोरड्या, जाड कातडीतून नीट कळत नाही. म्हणजे स्पर्श लागला नाही यात तिचा काहीच दोष नाही. पण पडद्यावर असं कधी येतं का, की "आम्हाला तुमचं बोट ओळखता आलं नाही"? नाही! येतं ते "पुन्हा प्रयत्न करा". मग ती जोरात दाबते, जास्त वेळ दाबते, आणि जास्त वेळ दाबलं की चित्राशेजारी यादी उघडते आणि त्यात ॲप काढून टाकायचा पर्याय येतो. दोनदा तिच्या हातून ॲप उडालं. त्या धास्तीने नंतर दोन दिवस तिने टॅबलेटला हात लावला नाही.

यावर उपाय आहे, हेच तर संतापजनक आहे. बोट किती वेळ धरलं की "धरलं" समजायचं ती वेळ वाढवता येते. कडेवरून बोट सरकवण्याऐवजी खाली तीन ठळक बटणं आणता येतात. पडदा तीस सेकंदांत काळा होण्याऐवजी दहा मिनिटं चालू ठेवता येतो. पडद्याचं आपोआप फिरणं बंद करता येतं. पण हे सगळं सेटिंग्जच्या पोटात, काही डिस्प्लेच्या, तर काही ॲक्सेसिबिलिटी (म्हणजे वापर सोपा करणाऱ्या सोयी) नावाच्या मेनूत पुरून ठेवलंय. ज्याला याची गरज आहे त्याला ते कधीच सापडणार नाही, आणि ज्याला सापडेल त्याला गरज नाही. सेटअपच्या पहिल्या पानावर एक प्रश्न का नाही विचारत, की टॅबलेट पहिल्यांदाच वापरताय का? जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का, हे मात्र विचारायला विसरत नाहीत.

अक्षर मोठं केलं तर दुसरंच दुखणं. अर्ध्या ॲप्समध्ये "पुढे" हे बटणच पडद्याच्या खाली गेलं. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं कुणाला दिसतात? साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात निदान 4.5 ला 1 इतका फरक हवा, हा नियम वेबसाठी 2008 मध्येच लिहिला गेला. बटण बोटाला लागेल असं साधारण 9 मिलीमीटरचं हवं, ही शिफारस अँड्रॉइडच्या स्वतःच्या मार्गदर्शनात आहे. म्हणजे माहीत नाही असं कुणी म्हणू नये.

आणि करता येत नाही असंही म्हणू नये. आयपॅडमध्ये 2023 पासून असिस्टिव्ह ॲक्सेस म्हणून सोय आहे. मोजकी ॲप्स, मोठमोठे चौकोन, बाकी सगळं दूर. एकाला जमतं, मग आत्याच्या टॅबलेटवर दोन ब्राउझर, दोन गॅलऱ्या, दोन कॅलेंडर आणि कुणी न मागितलेले सहा गेम का? त्यातले तीन तर काढताच येत नाहीत, नुसते बंद करता येतात. "यातली खरी फोटोंची कुठली?" असं तिने विचारलं, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

लोक मला म्हणतात, वय झालं की शिकणं कठीण जातं. कृपा करून हे मला सांगू नका. नव्या मशीनवर पहिल्याच दिवशी तिने काज करून दाखवलं होतं. कारण त्या मशीनचा पेडल उद्या सकाळी दुसऱ्या बाजूला जात नाही.

काल रात्री फोनवर पंचवीस मिनिटं लागली. "आत्या, रंगीत कॅमेऱ्यासारखं काही दिसतंय का?" "तीन दिसतायत गं, कुठला?" शेवटी सापडलं. रविवारी जाणार आहे तिच्याकडे, ते पान नव्याने लिहायला. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, येताना पेन्सिल आण, या वेळी पेनाने नको लिहूया.