नापास कशाला म्हणायचं, ते आधी ठरवू या

सेबीने ३१ जुलै २०२५ रोजी शेअर दलालांपासून म्युच्युअल फंडांपर्यंत आपल्या अखत्यारीतल्या सगळ्यांना डिजिटल सुगम्यतेचं परिपत्रक धाडलं आणि मला हिंजवडीतल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन यायला लागले. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, हाताने माउस धरता न येणारी, अशी सगळी माणसं तुमची वेबसाइट आणि ॲप वापरू शकतात का ते तपासून घ्या, असा त्या परिपत्रकाचा सारांश. मी इथे नेदरलँड्समध्ये, उट्रेख्तला हेच तपासणीचं काम करते. त्यामुळे जो तो मलाच विचारतो, "सर्टिफिकेट कोणाचं चालतं गं?"

मग वाद सुरू होतो. एकाच्या मते एसटीक्यूसी या सरकारी तपासणी संस्थेचा शिक्का बरा. दुसरा म्हणतो, परदेशी परीक्षा पास झालेला ऑडिटरच हवा. तिसरा लाइटहाउस या गूगलच्या तपासणी साधनात मिळालेल्या ९८ गुणांचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि विचारतो, "झालं ना आपलं?" एका उत्साही मित्राने तर पानाच्या कोपऱ्यात तरंगणारं ते निळं माणसाचं चिन्ह विकत घेतलं होतं. त्यावर टिचकी मारली की म्हणे वेबसाइट आपोआप सुगम्य होते. असंच चिन्ह विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ च्या जानेवारीत १० लाख डॉलर भरायला लावले. ती बातमी मी त्याला पाठवली. अजून उत्तर नाही.

कायद्याच्या बाबतीत आपण कुणाच्या मागे आहोत असं मला वाटत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या नियमावलीतला १५ वा नियम नुसता सल्ला देतो, बंधन घालत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात तो कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान निकष आखायला केंद्राला तीन महिने दिले. पुढे ३० एप्रिल २०२५ ला केवायसीच्या खटल्यात डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल दिला. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, मगच खातं उघडेल, ही अट ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या बाईने कशी पूर्ण करायची, असा साधा प्रश्न त्या खटल्यात होता. मानकही आपल्याकडे आहे. आयएस १७८०२ हे भारतीय मानक युरोपच्या ईएन ३०१ ५४९ वरून बेतलेलं आहे आणि दोघांच्या पोटात डब्ल्यूसीएजी हीच जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. म्हणजे कागदावर पुणे आणि उट्रेख्त एकाच इयत्तेत.

एवढं असूनही जो वाद घरी व्हायला हवा तो होताना दिसत नाही. शिक्का कोण मारणार यावर आपण तासन् तास बोलतो. नापास नेमकं कशाला म्हणायचं, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण युरोपची गाडी इथेच अडली होती. सरकारी वेबसाइटींचा युरोपीय निर्देश २०१६ चा. २३ सप्टेंबर २०२० पर्यंत सगळ्या सरकारी वेबसाइटी सुगम्य हव्यात, असं त्यात ठरलं. देशोदेशींनी तपासणी करून ब्रुसेल्सला अहवालही द्यायचे होते. आता मानकात लिहिलेलं असतं की चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे न दिसणाऱ्याला ऐकता येईल असं शब्दांतलं वर्णन, हवा. वाक्य एवढंसं. पण सजावटीच्या नक्षीला हवा का? ज्या चित्राशेजारी तेच शब्द आधीच छापलेत त्याला? मजकूर म्हणून नुसतं फाइलचं नाव टाकलं असेल तर? तपासणीच्या एका साधनाला जी चूक दिसे ती दुसऱ्याला दिसत नसे आणि दोन माणसं तपासायला बसली तर तिसरंच काही निघे. नॉर्वेत नापास आणि पोर्तुगालमध्ये पास, असं झालं तर त्या अहवालांची तुलना करायची कशी?

म्हणून २०१७ ते २०२० या काळात युरोपीय संघाच्या पैशातून वाय-टूल्स नावाचा प्रकल्प चालला. वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी, तपासणीची साधनं बनवणारी डेन्मार्कची साइटइम्प्रूव्ह, तिच्याच धंद्यातली डेक, लिस्बनचं विद्यापीठ, नॉर्वे आणि पोर्तुगालची सरकारी खाती, आमच्या उट्रेख्तची ॲक्सेसिबिलिटी फाउंडेशन असे सगळे त्यात होते. बाजारात एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्या चूक कशाला म्हणायचं हे ठरवायला एका टेबलाशी बसल्या. तपासणीचा नियम कसा लिहायचा याचं स्वरूप ऑक्टोबर २०१९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झालं. त्याला एसीटी म्हणतात. नियम लिहिणारा गट सगळ्यांना खुला आहे. फी नाही. एक करार मान्य करायचा आणि कामाला लागायचं. (डच लोकांना बैठकीचा भारी सोस. सगळ्यांच्या माना डोलेपर्यंत हे लोक उठत नाहीत. या कामात मात्र तो कामी आला असं म्हणावं लागेल.)

एक नियम जवळून दाखवते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. पान कोणत्या भाषेत आहे हे एचटीएमएलच्या पहिल्याच ओळीत लँग या गुणधर्माने सांगायचं असतं. मराठीचा संकेत 'एमआर'. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, ती ओळ पाहून मराठी आवाज लावतो. एसीटीचा एक नियम म्हणतो: हा गुणधर्म हवा. दुसरा म्हणतो: त्यातला भाषेचा संकेत अधिकृत नोंदवहीत असलेला हवा. प्रत्येक नियमात आधी तो कशाला लागू होतो ते लिहिलेलं असतं, मग अपेक्षा काय ते, आणि शेवटी पास, नापास आणि लागूच नाही अशी तिन्ही प्रकारची उदाहरणं, खऱ्या कोडच्या तुकड्यांसकट. मला विचाराल तर नियमाचा जीव या उदाहरणांत आहे. कोणत्या साधनाने त्यांवर काय निकाल दिला तेही जाहीर असतं.

आता आपल्याकडचा मुलगा हौसेने 'मराठी' असा अख्खा शब्द इंग्रजीत टाकतो. नापास. तीन अक्षरी 'एमएआर' टाकलं, तरी नापास, कारण नोंदवहीत दोन अक्षरी संकेत आहे. महाराष्ट्राचा म्हणून 'एमएच' टाकलं, तर चक्क पास! कारण तो पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांच्या भाषेचा संकेत आहे. आणि सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे मजकूर सगळा मराठी, पण पहिल्या ओळीत 'ईएन'. इंग्रजीचा संकेत वैध आहे, म्हणून या नियमातही पास. स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी आवाज लावतो आणि तो आवाज देवनागरी पाहून एक तर गप्प बसतो, नाही तर काहीबाही पुटपुटतो. हा घोळ पकडायला तिसरा नियम आहे: सांगितलेली भाषा आणि पानावरची भाषा जुळली पाहिजे. तिथे यंत्राची खात्री पटत नाही, माणूस बसवावा लागतो. ९८ गुणांचा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या मित्राचं पान मी उघडून पाहिलं. त्याचं असंच होतं.

माझा मावसभाऊ साताऱ्याला बँकेत आहे. जन्मापासून दिसत नाही, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर सगळं काम करतो. सरकारी वेबसाइटींच्या माथ्यावर 'स्क्रीन रीडर ॲक्सेस' नावाची एक लिंक असते, ती उघडली की स्क्रीन रीडरांची यादी आणि ते कुठे मिळतात त्याचे पत्ते येतात. तो मला म्हणाला, "ताई, स्क्रीन रीडर कुठून घ्यायचा ते हे मला सांगतात. तो नसता तर हे पान मी वाचलं असतं कसं?" शेजारी 'ए प्लस, ए, ए मायनस' ही अक्षरं लहानमोठी करायची बटणंही असतात. ब्राउझर ते काम कधीचा करतोय. तपासणाऱ्याच्या यादीत मात्र दोन्हींपुढे बरोबरची खूण पडते. फॉर्मच्या शेवटी 'सादर करा'च्या जागी त्याला नुसतं "बटण" एवढंच ऐकू येतं, त्याची खूण कुठे करायची हे त्या यादीत नसतं.

इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. डच सरकारी संस्थांना आपल्या वेबसाइटचं सुगम्यता निवेदन जाहीर करावं लागतं आणि त्यावर 'ए'पासून 'ई'पर्यंत दर्जा लागतो. 'ए' म्हणजे पूर्ण पूर्तता, आणि तो दर्जा मिळवणारे थोडे. खाजगी क्षेत्राला युरोपीय सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला, तेव्हा इथल्या दुकानदारांची शेवटच्या महिन्यातली धावपळ पाहून मला हिंजवडीची आठवण आली. माझ्याच आरोग्य विमा कंपनीने ॲप 'सुधारलं' आणि कीबोर्डने आपण कोणत्या बटणावर आहोत ते दाखवणारी चौकट गायब झाली. तक्रार केली, गोड शब्दांत उत्तर आलं, चौकट काही आली नाही.

तरी एक फरक मला मोलाचा वाटतो. इथल्या नगरपालिकेचं निवेदन उघडलं की काय काय नापास आहे आणि ते कधीपर्यंत दुरुस्त होणार, हे नागरिकाला वाचता येतं. तिच्याशी भांडायचं तर मुद्दा हातात असतो. आपल्याकडे ऑडिटचा अहवाल सहसा कपाटात जातो आणि सर्टिफिकेट भिंतीवर लागतं. माझा भाऊ भांडणार कशाच्या आधारावर?

मराठीबद्दल बोलायचं तर गेल्या काही वर्षांत घरी दोन मोठे वाद झाले. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, तो मिळून काय होणार यावर एक. दुसरा पहिलीपासूनच्या हिंदीचा. त्यावर रान उठलं आणि २९ जून २०२५ ला सरकारने जीआर मागे घेतले. दुसऱ्या वादात मी इथून हिरिरीने बोलत होते आणि आजही माझं मत तेच आहे. पण ज्या मराठी पानांवर तो वाद मी वाचला, त्यांतली कितीतरी आपण इंग्रजी असल्याचं जगाला सांगत होती. भाषेच्या अभिमानाला तेवढं दोन अक्षरांचं काम जड का जावं?

आणि हे जागतिक नियम तरी देवनागरीला कितपत ओळखतात? मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत ४.५ ला १ एवढा फरक हवा, अक्षर मोठं असेल तर ३ ला १ चालतो. मोठं म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४. चिनी, जपानी, कोरियन लिप्यांसाठी समतुल्य आकार धरा, असं त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय. देवनागरीचं नाव नाही. 'द्ध' आणि 'ङ्क' यांसारखी जोडाक्षरं त्याच आकारात किती बारीक होतात हे ज्याला माहीत आहे असा माणूस ते वाक्य लिहिताना बहुधा तिथे नव्हता. मजकुराच्या अंतराचा निकषही असाच. वाचणाऱ्याने अक्षरांमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या ०.१२ पट केलं तरी मजकूर शाबूत राहिला पाहिजे, असा तो आहे. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. ज्या लिपीत अशी सोय नाही तिला सूट आहे, पण तुटलेली शिरोरेघ या सुटीत बसते की नाही, हे आपल्याशिवाय कोण सांगणार? खुल्या गटाचं दार उघडं आहे हे खरं. मी ज्या बैठकांना बसते तिथे मराठी आवाज माझाच असतो, आणि मी कायम उट्रेख्तच्या कामाच्या ओझ्याखाली.

मराठीसाठी पास-नापासची अशी उदाहरणं आपणच लिहायला हवीत, असं म्हटलं की फोनवरचे मित्र म्हणतात, "फुकटात कोण करणार?" त्यांचं बरोबर आहे. युरोपातही हे नुसत्या स्वयंसेवेवर झालेलं नाही, संघाने पैसे ओतले तेव्हा झालं. जो नियामक परिपत्रक काढतो त्यानेच उदाहरणं लिहून घेण्याचा खर्च उचलावा, असं मला वाटतं. मुंबईत झेवियर्स कॉलेजचं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र आहे, नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड १९५२ पासून आहे. रोज स्क्रीन रीडर वापरणारी माणसं तिथे आहेत. त्यांना चहाबिस्किटांवर 'फीडबॅक'साठी बोलावू नका, तासाचे पैसे द्या. साधनं बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांनी आपापल्या साधनाचे निकाल त्या उदाहरणांवर जाहीर करावेत. कोणाचं साधन लंगडं पडतं ते दिसेल, म्हणून त्या कां कू करतील. करू द्या.

पहिलं उदाहरण मीच सुचवते. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टात टाइप केलेली मराठी पानं आजही जागोजाग आहेत. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा असतो आणि स्क्रीन रीडर तो इमानेइतबारे वाचतो. रंगांचा फरक पास, शीर्षक पास, भाषेचा संकेत 'एमआर' असेल तर तोही पास. माझ्या मते हा डब्ल्यूसीएजीच्या १.१.१ चा, म्हणजे पर्यायी मजकुराच्या निकषाचा, भंग आहे. तिथल्या व्याख्येत मजकूर म्हणजे मानवी भाषेत काही सांगणारी अक्षरमाला. हा कचरा कुठलीच भाषा बोलत नाही, म्हणजे ते चित्रच झालं, आणि त्याला पर्यायी मजकूर नाही. माझा एक पुणेकर सहकारी म्हणतो, तो वाद फॉन्टचा आहे, सुगम्यतेचा नाही, आणि एवढ्यावरून वेबसाइट नापास करायला तो तयार नाही. आम्ही दोघंही हाच धंदा करतो, दोघांकडेही प्रमाणपत्र आहे आणि पुढच्या आठवड्यात एकाच संस्थेची जुनी मराठी पानं आम्हाला तपासायची आहेत.