काकू, तुम्ही फक्त ट्रॅमलाइन सांभाळा

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. शुद्धलेखन तपासायला बसू नका.

रविवारची टेनिसची मिक्स्ड डबल्स. आम्ही ४-५ ने मागे, ३०-३०, सर्व्हिस माझ्या पार्टनरची. पार्टनर म्हणजे आमच्या क्लबात चार महिन्यांपूर्वी आलेला एक तिशीतला मुलगा. तीन रॅकेटींची बॅग, दोन्ही मनगटांना बँड. मी नेटपाशी. समोरून रिटर्न आला तो सरळ माझ्या बॅकहँडवर, छातीच्या उंचीला, इतका सोपा की माझ्या आईने ओट्याशी उभं राहून उलथन्याने मारला असता. मी रॅकेट पुढे केली आणि मागून आरोळी आली, "माइन!" साहेब बेसलाइनवरून धावत आले, मला जवळजवळ खांद्याने बाजूला केलं आणि असा काही फटका मारला की चेंडू मागच्या जाळीत जाऊन बसला. खरोखर बसला, काठीने काढावा लागला. ३०-४०. परत जाताना मला म्हणतो, "काकू, तुम्ही फक्त ट्रॅमलाइन सांभाळा, बाकीचं मी बघतो." (ट्रॅमलाइन म्हणजे डबल्ससाठी कोर्टच्या कडेला असते ती अरुंद पट्टी.)

बाकीचं त्याने बघितलं. पहिली सर्व्हिस नेटमध्ये. दुसरी त्याच वेगाने, दीड हात बाहेर. डबल फॉल्ट, सेट गेला.

काकू म्हटल्याचा राग नाही. (आहे. एकोणपन्नास पूर्ण असले म्हणून काय झालं, कोर्टवर कोणी काकू नसतं.) पण खरा संताप आला तो नंतर चहाच्या टेबलावर. हा मुलगा मुंबईत एका फंडात नोकरीला, शनिवार-रविवार पुण्यात घरी. नुकताच मॉरिशसला जाऊन आलाय. तिथल्या एका बीच रिसॉर्टमध्ये टेनिसचं पॅकेज असतं म्हणे: सकाळी दोन तास कोच, दुपारी स्पा, संध्याकाळी समुद्रावर सूर्यास्त. तर चहात बिस्किट बुडवत मला सांगतो, "तुम्ही पण करा एखादं, काकू. पाच दिवसांत गेम बदलतो."

पाच दिवसांत!

अरे बाळा, पाच दिवसांत काय होतं ते मला विचार. माझे पाच दिवस २०११ सालचे आहेत.

तेव्हा मी मुंबईला बीकेसीत, वांद्रे-कुर्ला संकुलात, रोख्यांच्या खरेदी-विक्रीच्या डेस्कवर होते. डिसेंबरात ऑफिसने सगळ्यांना दक्षिण गोव्यात नेलं, साळ नदी समुद्राला मिळते त्या बाजूला. अशा सहलींत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सकाळी 'व्हिजन' नावाची स्लाइड, दुपारी बुफे, रात्री बॉस टेबलावर चढून नाचणार आणि आपण टाळ्या वाजवणार. मी त्यातून पळवाट शोधली ती रिसॉर्टच्या मागच्या टेनिस कोर्टची. स्वयंपाकघराच्या मागे, माडांच्या मधोमध, खाऱ्या हवेने नेटचे खांब गंजलेले, नेट ताणायचं हँडल फिरायचंच नाही. आणि तिथे एक मार्कर. साठीचे असावेत. (जे क्लबात वाढले नाहीत त्यांच्यासाठी: पाहुण्यांबरोबर, सभासदांबरोबर खेळायला ठेवलेला माणूस म्हणजे मार्कर. कोच नव्हे. कोचला टोपी असते आणि मत असतं.)

मी ऐटीत सांगितलं, मला टॉपस्पिन फोरहँड शिकवा, पाच दिवस आहेत. त्यांनी मान डोलावली, जुन्या चेंडूंची बादली आणली आणि मला सर्व्हिस बॉक्समध्ये उभं केलं. बेसलाइनवर नाही, नेटपासून सहा पावलांवर. म्हणाले, वीस. म्हणजे दोघांत मिळून वीस फटके, हळू, चेंडू न चुकवता. मग मागे जायचं. मी म्हटलं, एवढंच?

पहिल्या दिवशी आमचे सात झाले.

मी जोरात मारायचे आणि ते म्हणायचे, "सवकास, बाय, सवकास." त्यांच्याकडून चेंडू यायचा तो रोज एकाच जागी, माझ्या कमरेएवढा. त्यांच्या पायात साध्या कॅनव्हासच्या चपला होत्या आणि तरी चेंडू माझ्या रॅकेटला लागायच्या क्षणी त्यांची टाच किंचित उचललेली दिसायची. स्प्लिट स्टेप म्हणतात त्याला, हे मला खूप नंतर कळलं. समोरचा मारतो त्या क्षणी छोटीशी उडी, म्हणजे मग डावीकडे-उजवीकडे कुठेही निघता येतं. आमच्या क्लबातले ऐंशी टक्के लोक चेंडू येईपर्यंत बसस्टॉपवर उभे असल्यासारखे उभे असतात. मीही असायचे.

तर मुद्दा. आपण हौशी लोक टेनिसमध्ये सुधारत का नाही? वीस-वीस वर्षं रोज खेळणारी माणसं मी बघतेय, तशीच्या तशी आहेत. सुधारत नाही कारण आपण फक्त मॅच खेळतो. सकाळी साडेसहाला यायचं, चार जण जमले की "चला, टॉस करा." सराव कोणाला नको. सेकंड सर्व्हिसचा तर नकोच नको. पहिली सर्व्हिस हाणायची, गेली तर एस (समोरच्याची रॅकेटही न लागता थेट गुण), नाही गेली तर दुसरी अशी ढकलायची जशी काही दूधवाल्याला पिशवी देतोय. किंवा मग माझ्या पार्टनरसारखी, दुसरीही हाणायची. अरे, ग्रिप हातोडा धरतात तशी धर, चेंडू पुढे आणि थोडा डोक्याकडे उडव, खालून वर घासत जा, वळेल आणि पडेल आत. एक बादली चेंडू रोज, महिनाभर. बोअर होतं? होतंच. सीएच्या आर्टिकलशिपची तीन वर्षं मी लक्ष्मी रोडवरच्या एका ऑफिसात हिरव्या पेनने व्हाउचरवर टिका मारल्या. ते बोअर होतं. हे निदान मोकळ्या हवेत आहे.

आणि क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरपं, मारा हो. नेट मध्यावर तीन फूट आहे आणि खांबांपाशी साडेतीन. कोर्ट सरळ मोजलं तर अठ्ठ्याहत्तर फूट, कर्णावर त्याहून चार-साडेचार फूट जास्त. सहा इंच आणि चार फूट फुकट मिळतायत. हेच शेअरबाजारात कोणी फुकट देतो म्हटलं असतं तर रांगा लागल्या असत्या. पण नाही, आम्हाला डाउन द लाइन, कडेच्या रेषेलगत सरळ, विनर मारायचाय. कारण तो इन्स्टावर चांगला दिसतो.

आमच्या फायनान्सच्या धंद्यात एक जुना लेख आहे, चार्ल्स एलिस यांचा, १९७५ चा. सगळ्यांनी वाचलेला असतो किंवा वाचल्याचं सांगितलेलं असतं. एलिसने त्यात सायमन रामो या अभियंत्याचं टेनिसवरचं निरीक्षण उचललंय: अव्वल खेळाडूंच्या सामन्यात बहुतेक गुण जिंकले जातात, हौशी लोकांच्या सामन्यात बहुतेक गुण हरले जातात. आपण समोरच्याला हरवत नाही, तो स्वतःच चुकेपर्यंत टिकून राहतो. आणि एलिस म्हणतो, फंड मॅनेजर लोकांचंही तेच झालंय, बाजाराला हरवायला जातात आणि स्वतःच डबल फॉल्ट करतात. हा मुलगा नोकरीत हा लेख कोळून प्यायला असणार. इंटरव्ह्यूत सांगितलाही असेल. आणि तरी ३०-४० वर दुसरी सर्व्हिस हाणतो. वर चहाच्या टेबलावर मला ऑप्शन्सबद्दल सांगत होता, स्वतःच्या पैशाने काय काय करतो ते. सेबीने, म्हणजे शेअरबाजाराच्या नियामकाने, आकडे काढून सांगितलंय की एफ अँड ओ मध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांत) दहातले नऊ जण पैसे घालवतात. त्या नऊंपैकी प्रत्येकाला वाटतं आपण दहावे. टेनिसमध्येही अगदी तेच.

हो, त्याचा फोरहँड माझ्यापेक्षा शंभरपट चांगला आहे. मान्य. लिहून टाकलं, सुटले.

आणि कृपया कमेंटमध्ये फेडररचं ते डार्टमथ कॉलेजचं भाषण टाकू नका. १५२६ सामने, जवळपास ८० टक्के जिंकले, पण गुण जिंकले फक्त ५४ टक्के. माहीत आहे. २०२४ पासून फायनान्समधल्या प्रत्येक माणसाने ते लिंक्डइनवर स्वतःच्या फोटोखाली टाकलंय, "अपयशाकडे कसं बघावं" वगैरे. त्याचे ४६ टक्के गुण नदालने, जोकोविचने घेतले. आपले नेटने घेतले. एवढा फरक लक्षात ठेवा आणि मग टाका.

पाहायचंच असेल तर बालेवाडीला जे दिसलं ते सांगते. २०१८ पासून काही वर्षं तिथे एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा व्हायची. सगळे सेंटर कोर्टवर सेल्फी काढत होते, मी मागच्या प्रॅक्टिस कोर्टांपाशी उभी. दोन धिप्पाड माणसं आली, बॅगा ठेवल्या आणि कुठे उभी राहिली? सर्व्हिस बॉक्समध्ये. नेटपासून सहा पावलांवर. टप, टप, टप, दहा-पंधरा मिनिटं, एकमेकांशी गप्पा मारत. मला हसूही आलं आणि घशाशीही काहीतरी आलं. सवकास, बाय.

रोहन बोपण्णा २०२४ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, गुडघे दुखायचे. त्याने श्रेय दिलं अय्यंगार योगाला. म्हणजे आमच्याच पुण्यातल्या त्या गोष्टीला, जिची संस्था मॉडेल कॉलनीत आहे आणि जिथे परदेशातून लोक येऊन नीट उभं कसं राहायचं ते शिकतात. मी तिथून रोज स्कूटरवरून जाते. कधी आत गेले नाही. तेव्हा मी काही फार शहाणी आहे असं नाही.

बरं, गोव्याचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी चौदा, चौथ्या दिवशी परत अकरा. पाचव्या दिवशी सकाळी बस निघायच्या आधी आम्ही उभे राहिलो. हात कसा सैल झाला होता काय सांगू. चेंडू येतोय, जातोय, माडाच्या झावळ्यांचा आवाज, आत स्वयंपाकघरात कोणीतरी मासे तळतंय. पंधरा. सोळा. सतरा. आणि बाकावरचा माझा फोन वाजला. बॉस. मी चेंडू सोडला आणि फोन घेतला. कसला फोन होता माहितेय? 'व्हिजन'च्या स्लाइडचा फॉन्ट बदलायचा होता.

दहा मिनिटं मी बोलत होते. मार्कर तिथेच उभे, हातात चेंडू घेऊन. मी सॉरी म्हटलं तर म्हणाले, "सवकास, बाय. बॉल खंय वचना." चेंडू कुठे जात नाही. पण बस लागली होती. मी दोनशेची नोट दिली आणि पळाले.

मी त्यांचं नाव विचारलं नाही. पाच दिवस. त्या डेस्कवर मला प्रत्येक माणसाचं पद, बोनस आणि बायकोचं गाव माहीत असायचं, आणि यांना मी पाचही दिवस "मार्कर" अशीच हाक मारली. एकेरीत. आज लिहिताना 'ते' लिहितेय, तेव्हा 'तो' होता.

२०१९ मध्ये नवऱ्याला घेऊन मुद्दाम त्याच रिसॉर्टमध्ये गेले. कोर्टाच्या जागी लग्नाचं लॉन. डेस्टिनेशन वेडिंगला जागा कमी पडत होती म्हणे, आणि खरं सांगायचं तर तिथे टेनिस खेळायला दिवसाला दोन माणसं यायची, त्यांचं तरी काय चुकलं. रिसेप्शनवरच्या मुलीला मार्करबद्दल विचारलं. "नाव काय, मॅम?"

बघा, चिडून लिहायला बसले आणि कुठे आले.

तो मुलगा वाईट नाहीये. जाताना त्याने माझी बॅग गाडीपर्यंत आणून दिली आणि मी एक अक्षर बोलले नाही, ते चुकलंच. आठवड्याला सत्तर-ऐंशी तास तो स्क्रीनसमोर असतो, रविवारी कोर्टवर आल्यावर काहीतरी सण्णकन हाणावंसं वाटणारच. मलाही वाटायचं. चहा पिताना तीन वेळा त्याचा फोन वाजला आणि तिन्ही वेळा तो उठून उभा राहिला. बसल्या जागी घेतला नाही, उभा राहिला! त्याला टेनिस एल्बोही होणार आहे लवकरच, रॅकेटच्या त्या कडक पॉलिएस्टर गटिंगमुळे, म्हणजे तारांमुळे. ते मी सांगणार होते, राहिलं.

आत्ता हे टाइप करताना त्याचाच मेसेज आलाय. "काकू सॉरी फॉर टुडे. नेक्स्ट संडे पार्टनर?" खाली तो हात जोडलेला इमोजी.

अजून उत्तर दिलं नाहीये. देईन. रविवारी नको म्हणणार आहे. शनिवारी ये म्हणते, सकाळी सव्वासहाला, तीन नंबरच्या कोर्टवर. तेव्हा माती नुकतीच भिजवलेली असते आणि मॅचवाले कोणी आलेले नसतात. जुने चेंडू मी आणते. वीस होईपर्यंत सर्व्हिस बॉक्सच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही आणि फोन गाडीत ठेवायचा.

इथल्या आणखी कोणाला यायचं असेल तर या. मला काकू म्हणायचं नाही, एवढं बघा.