कोकण उरकावं कसं?

सोयाबीनची रास झाली, दिवाळी सरली, की आपल्याकडं कोकणची टूम निघते. आमच्या खानदानाची अशी एक सहल परवाच दाजींच्या अध्यक्षतेखाली पार पडली. तेव्हा तुम्हीही निघणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवतो, फुकट.

आधी यादी करा. अलिबाग, जंजिरा, हरिहरेश्वर, हर्णै, गणपतीपुळे, मालवण, सगळं तीन दिवसांत बसलं पाहिजे. नाही बसलं तर झोप काढून टाका, जेवण काढून टाका, ठिकाण काढायचं नाही. अंतर नकाशावर बोट ठेवून मोजा आणि मधल्या खाड्या सोडून द्या. राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड इथं गाडी फेरीबोटीत चढवून पलीकडं न्यावी लागते, तिथं रांग असते, हे धक्क्यावर पोचल्यावरच कळू द्या. गाडीत भांडायला काहीतरी विषय लागतोच. फेरी नको असेल तर मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्याचं काम 2011 साली सुरू झालं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

जमलं तर जुलैत जा. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहून "साहेबांशी बोलणं करून देऊ का?" असं म्हणता येतं.

धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डबाभर न्या. मालवणात बसून पनीर मसाला मागवा. तो नीट जमला नाही की "इकडं खायचे लई हाल" म्हणायला मोकळे.

किल्ल्यावर नाव कोरायला खिळा घरून न्या. बदाम नीट काढा.

खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे 2025 साली जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा स्टेटस ठेवला होतात ना? मग झालं. हर्णैच्या किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग दिसतो, मालवणातून सिंधुदुर्ग दिसतो. गाडीच्या काचेतून पाहिला तरी पाहिलाच की.

जंजिऱ्यात होडीवाला पाऊण तासात परत बोलावतो. त्यातला बराचसा वेळ दरवाजातच फोटोत घालवा. उरलेल्या वेळात कलालबांगडी तोफेवर लेकरं बसवा. हा किल्ला शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांनाही नाही. 1948 साली संस्थान विलीन होईस्तोवर सिद्दींकडंच राहिला. एवढं ऐकून झाल्यावर "मग यात बघायचं काय?" असं विचारा. आमच्यातल्या एकानं विचारलं. हा गडी संभाजीनगरात राहतो. सिद्दी म्हणजे हबशी, मूळचे आफ्रिकेतले. याच्या घरापासून तासाभराच्या आत, खुलताबादेत, मलिक अंबरची कबर आहे. तोही हबशीच, आणि त्यानंच 1610 साली खडकी वसवली, म्हणजे ज्या शहरात याचा फ्लॅट आहे तेच. ती कबर यानं अजून पाहिलेली नाही. तिकडं पार्किंगचा त्रास आहे म्हणे.

आता मुख्य गोष्ट, मुहूर्त. निघण्याआधी पंचांग उघडाच. दाजींनी उघडलं होतं. समुद्रावर चांदणं बघायचं म्हणून त्रिपुरी पौर्णिमा धरली, राहुकाळ टाळून गाडी काढली, चाकाखाली लिंबू ठेवलं. आणि कागदावर लिहिलं: अलिबाग, कुलाबा किल्ला, चालत, सकाळी 10 ते 11. चालत का, तर व्हिडिओत लोक चालत जाताना दिसतात. जातातही. ओहोटीला!

त्याच पंचांगात तिथी असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा ठोकताळा निघतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा; सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. म्हणजे अकरा-बाराला समुद्र काठोकाठ. त्यात पौर्णिमा-अमावस्येचं उधाण, पाणी दोन पुरुष चढतं. कोळ्याचं शाळकरी पोर हे तोंडी सांगतं. राहुकाळ मिनिटावर काढणाऱ्या माणसाला एवढं गणित येत नाही? की पंचांग फक्त लिंबू ठेवण्यापुरतंच?

वाळूवर एक मासळीवाली मावशी होती. "आता जाऊ नका, पाणी चढतंय," असं तिनं आपणहून सांगितलं. घोडागाडीवाला घोडा पाण्यात घालायला तयार होईना. घोडा! आणि दाजी म्हणतात, "मावशी, आम्ही गंगाकाठचे आहोत, आम्हाला पाणी शिकवू नका." गंगा म्हणजे आमच्याकडं गोदावरी. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, सहा वर्षांची पोरगी खांद्यावर घेतली आणि निघाले. मागं सगळी वरात. मी आणि आक्का वाळूवरून घसा फोडत होतो. निम्म्यात जाईस्तोवर पाणी कमरेला लागलं. जीवरक्षक शिट्टी फुंकून फुंकून दमला. आमच्यातल्या एकानं उलट त्यालाच हात हलवून दाखवला. शेवटी दोन-तीन पोरं पाण्यात उतरली आणि एकेकाचं मनगट धरून सगळ्यांना बाहेर आणलं. दोघांच्या चपला, एक मोबाईल आणि आत्याबाईंचा चष्मा तेवढा समुद्राला गेला.

बाहेर आल्यावर दाजींचं पहिलं वाक्य, "एक फलक लावायला काय होतं यांना? काही नियोजनच नाही." फलक होता. त्याला टेकवूनच आपली गाडी लावली होती. रात्री मुक्कामावर बसून त्यांनी त्या किल्ल्याला मोबाईलवर पाचपैकी एक तारा दिला. किल्ल्याला!

आता उपरोध बास. सरळ बोलतो. जायकवाडीत पाणी सोडायला कोर्टकचेऱ्या लागतात, म्हणून समुद्रही कुणाची तरी सही घेऊन चढतो असं वाटलं का तुम्हाला? दर सुट्टीत पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात, त्या चहासोबत वाचून "च्यक च्यक" करता आणि आठ दिवसांनी तिथंच जाऊन शिट्टीवाल्याला हसता. तो पोरगा उन्हात काय तुमची गंमत बघायला उभा असतो? त्या मावशीला तुमच्याकडून काय मिळणार होतं? चार शब्द ऐकून घेतले असते तर कुणाची इज्जत गेली असती?

लेकरू खांद्यावर होतं दाजी. तिला पोहता येत नाही. तुम्ही गंगेत शेवटचं कधी पोहलात तेही आठवा, आणि तेव्हा गंगेत पाणी किती होतं तेही. उगी मिशीला पीळ देऊ नका. पुढच्या वेळची यादी आक्का करील, तुम्ही सामान उचलायचं. ज्यांनी तुम्हाला ओढून काढलं त्या पोरांचे आभार तुम्ही अजून मानलेले नाहीत. आणि तो एक तारा आजच्या आज काढा.